लाल मातीचा पट्टा

डोंगरावर माणसाचं पाऊल पडलं नव्हतं, तेव्हाची गोष्ट. साळिंदरांनी उकराउकरी करून काळ्या कड्यावर नुसता उच्छाद मांडला होता. शेवटी प्राण्यांनी ठरवलं, कुठले दगड राखायचे ते म्हाताऱ्या घोरपडीने सांगावं. जीभ लावली की तिला दगडाची जात कळते, असा तिचा लौकिक होता.

घोरपड कडाभर फिरली. गरुड बसायचा तो सुळका तिने राखला. माकडं ज्यात तोंड बघायची, ती स्फटिकांची कपारही राखली. दोन काळ्या खडकांच्या मधे, झऱ्याच्या तोंडाखाली, हातभर जाडीचा लाल मातीचा पट्टा होता. त्याच्यासाठी कुणीच बोललं नाही. घोरपडीने जीभ लावली आणि तोंड वाकडं केलं.

"ही तर माती! हिला काय राखायचं? खणा खुशाल."

साळिंदरांनी उन्हाळाभर तो पट्टा आरपार पोखरला. एका सकाळी झरा आटला. इतकी वर्षं त्या चिकट मातीने अडवून धरलेलं पाणी बिळांतून खालच्या खडकाच्या भेगांत उतरून गेलं होतं.

"आजी, तूच म्हणालीस ना, खणा म्हणून?" साळिंदर रडवेलं होऊन म्हणालं.

पाण्यासाठी एकेक करून सगळे प्राणी डोंगर उतरले. घोरपडीच्याने आता उतरवत नव्हतं. ती सरपटत कपारीशी गेली. स्फटिक पूर्वीसारखेच लखलखत होते. तिने सवयीने जीभ लावली, पण जीभ इतकी सुकली होती, की तिला काहीच कळलं नाही.