पाठमोरी पेज

नॉकडाराचा रस्ता कुठंच जात नाही. डब्लिनहून किलकेनी, तिथून कॉर्क, आणि मग समुद्र डाव्या हाताला ठेवून निघालं की बऱ्याच वेळानं उजवीकडे एक फाटा लागतो. दोन्ही बाजूंना दगडी गडगे, गडग्यांपलीकडे मेंढ्या. रस्ता ऐटीत अर्धा डोंगर चढतो आणि कलिंगडाएवढ्या एका दगडापाशी एकदम संपतो. पुढं नुसतं गवत. दगडाशेजारी एक बैठं घर आहे, आणि तिथं येईल त्याला मक्याच्या कण्यांची पेज मिळते, वर ताक. पण वाढणारी बाई वाडगा ठेवते न ठेवते तोच पाठ फिरवून उभी राहते.

कागलच्या इंदुमतीकाकू चौगुले तिथंच भडकल्या.

"हे काय वाढणं झालं? ना या म्हणणं, ना बसा म्हणणं, आणि वर पाठ! आमच्याकडं भिकाऱ्याला सुद्धा असं वाढत नाहीत. उठा हो, चला गाडीत."

गाडी अनसूयाबाई खरमाट्यांची होती. मूळच्या गेवराईच्या, तीस वर्षं आयर्लंडात नर्स म्हणून राबलेल्या, आता निवृत्तीनंतर आपल्याकडच्या पाहुण्यांना हा मुलूख फिरवणाऱ्या. पाठमोऱ्या उभ्या असलेल्या म्हाताऱ्या हॅनाकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि काकूंना दटावलं, "बसा खाली. अन्नावरून उठायचं नाही. हा कुणाचा राग आहे ते आधी ऐका, मग तुमचा काढा."

आणि त्यांनी सांगितलं ते असं.

पावणेदोनशे वर्षं झाली म्हणे. बटाट्यावर रोग पडला आणि एका रात्रीत शेतं काळी होऊन सडली. माणसं गवत खायला लागली. तेव्हा सरकारनं हॉर्नबी नावाचा एक साहेब इथं पाठवला. बरोबर मक्याच्या कण्यांची पोती आणि एक भली मोठी कढई. पण फुकट खाऊ घातलं तर लोक आळशी होतील ना! म्हणून साहेबानं कागदावर एक रेघ ओढली आणि म्हणाला, इथून रस्ता करा. पोटात अन्नाचा कण नाही अशा माणसांच्या हातात घण दिले मेल्यानं!

या गावात गोबनेट नावाची बाई होती. नवरा फिनिन, अंगानं दांडगा, पण तोवर नुसता सापळा उरलेला. एक दिवस गोबनेटनं साहेबाला विचारलं, "हा रस्ता जातो कुठं?"

"कुठंच नाही," साहेब म्हणाला. "कुठं जायला हवाय कशाला? तुम्हाला कामाला लावायचं होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कढई त्याच्या ताब्यात होती आणि फिनिनच्या पोटात चार दिवस काही नव्हतं. तिनं दात आवळले आणि गप्प राहिली. ते गप्प राहणं तिला जन्मभर डाचलं, असं सांगतात.

कारण त्याच दुपारी पेजेसाठी रांग लागली. साहेबाचा नियम होता, आधी जबाब, मग पेज. नाव काय, घरात किती माणसं, घरात काय काय शिल्लक आहे. पळी भरून तयार, वाडगा पुढं धरलेला, आणि मध्ये हे प्रश्न. फिनिननं नाव सांगितलं. माणसं सांगितली. "घरात काय आहे?" साहेबानं विचारलं. "बायको आहे," फिनिन म्हणाला आणि तिथंच कोसळला. वाडगा घरंगळत गोबनेटच्या पायाशी आला.

आणि साहेबानं काय करावं? भरलेली पळी परत कढईत उपडी केली आणि म्हणाला, "पुढचा."

गोबनेट रडली नाही. फिनिननं सकाळी फोडलेला दगड तिनं उचलला, रस्त्याच्या ऐन मध्यात आणून आपटला आणि त्याला टेकून बसली. म्हणाली, "रस्ता इथवर. माझा नवरा मेला, त्याच्या पुढं हा रस्ता जाणार नाही. आणि या रस्त्यानं जो येईल त्याला मी आधी खाऊ घालीन, मग नाव विचारीन. जिवंत राहिले तर."

एकेकानं घण खाली टाकले. साहेबानं शिपाई बोलावले, पण चौघांना मिळून तो दगड हलेना, असं सांगतात. शेवटी चिडून त्यानं कढई उचलली आणि निघून गेला. त्या हिवाळ्यात अर्धं गाव मेलं. गोबनेट शेवाळ आणि खडकावरच्या शिंपल्या खाऊन जगली आणि दगडाशेजारी तिनं हे घर बांधलं. मक्याचा घास तिच्या घशाखाली उतरत नसे, पण येणाऱ्याला ती मक्याचीच पेज घालायची.

सात वर्षं गेली. एका दुपारी असं धुकं पडलं की स्वतःचा हात दिसेना. दारात एक माणूस आला, भिजलेला, घोडा लंगडा, दोन दिवसांचा उपाशी. वाट चुकलेला. अहो, स्वतः आखलेला रस्ता, आणि त्यावरच चुकला! त्यानं तोंड उघडलं आणि आवाजावरून गोबनेटनं ओळखलं.

शेजारी धावून आले. म्हणाले, आमच्या हवाली कर, कडा लांब नाही. तिनं वाडगा मांडला, पळी भरली आणि हात हवेत थांबला. साहेबाचे डोळे त्या पळीवर. फिनिनचेही असेच होते. एवढी एक पळी परत उपडी करायची होती, बस्स. सात वर्षं ती याच घटकेसाठी जगली होती की काय कोण जाणे. पळी कढईकडे कलली सुद्धा. आणि तिच्या मनात आलं, ही पळी उलटली तर माझ्यात आणि याच्यात फरक काय राहिला?

तिनं ती वाडग्यात ओतली. पण त्याचं तोंड बघवेना, म्हणून गर्रकन पाठ फिरवली.

"बाई, माझं नाव..." साहेब चाचरत म्हणाला. "मला वरून हुकूम होता..."

"खा," ती म्हणाली. "नाव विचारलेलं नाही."

तो खात होता आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. राग डोळ्यांतून गळत होता. त्यानं वाडगा चाटूनपुसून खाली ठेवला आणि वाट बघत उभा राहिला. तिचा शब्द त्यालाही ठाऊक होता. आधी खाणं, मग नाव. आता ही वळेल, विचारील, मग क्षमा मागू. बराच वेळ उभा राहिला म्हणे. ती वळलीच नाही. शेवटी तसाच, बिननावाचा, धुक्यात निघून गेला.

शेजाऱ्यांनी विचारलं, "माफ केलंस?"

"पोट भरलं त्याचं," गोबनेट म्हणाली. "पोटाचा आणि माफीचा काय संबंध? आणि यापुढं या घरात तोंड बघून वाढायचं नाही. तोंड बघितलं की हात आखडतो. माझा आखडला होता."

अनसूयाबाई थांबल्या. काकूंनी वाडगा ओढला. पेज पार गार झाली होती. त्यांनी ती शेवटच्या कणीपर्यंत खाल्ली, वाडगा खाली ठेवला आणि हॅनाच्या पाठीकडे बघत राहिल्या. जरा वेळ गेला. काकूंनी पदर सारखा केला. आणखी जरा वेळ गेला.

मग हॅना वळली, हसली आणि तिनं नाव विचारलं. काकूंनी चटकन सांगितलं, अगदी नवऱ्याच्या नावासकट, आणि डोळे पुसले.

आजही नॉकडाराचा रस्ता त्या दगडापाशीच संपतो. आजही त्या घरात कुणीही यावं, पाठमोरी पेज मिळते. आणि आजही खाणारा रिकामा वाडगा खाली ठेवून क्षणभर श्वास धरतो, कारण त्या घरात आजवर एकाच माणसाला कुणी नाव विचारलं नाही.