मोरखिंडीत ‘बसा’ का म्हणत नाहीत

मोरखिंडीच्या मैदानावर तुम्हाला कोणी ‘बसा’ म्हणणार नाही. बाकडी आहेत, सतरंज्या आहेत, पिंपळाला पार आहे, थोड्या वेळात चहाही येईल. पण म्हणायचं झालं तर लोक ‘टेका’ म्हणतील, नाहीतर नुसता हात दाखवतील. बाहेरगावच्या माणसांना पहिल्यांदा हे तुटक वाटतं. मागे एक अधिकारी तर रागावून उभेच राहिले. तुम्ही राग मानू नका. सामन्याला अजून अवकाश आहे, तोवर यामागचं सांगतो. मी ते माझ्या चुलत्यांकडून ऐकलं, त्यांनी त्यांच्या थोरल्यांकडून. त्यात मिरवण्यासारखं काही नाही. तरी इथे रग्बी खेळायला येणाऱ्या प्रत्येक संघाला ते सांगायचं, असा आमच्या मंडळाचा रिवाज आहे.

इथे पूर्वी गोऱ्यांची छावणी होती. सोल्जर लोक या माळावर लांबुळका चेंडू घेऊन धावायचे आणि गावकरी बांधावर उभे राहून हसायचे. छावणी उठली तेव्हा दोन्ही टोकांचे खांब आणि एक फाटका चेंडू मागे राहिला, असं सांगतात. तालमीतल्या गड्यांनी तो उचलला. चेंडूला नाव पडलं फणस, आणि स्क्रमला रेटा. ती नावं अजून चालतात.

रेटा तुम्हाला नवा नाही, पण तुमच्याबरोबर घरची माणसं आली आहेत म्हणून सांगतो. दोन्हीकडचे आठ-आठ गडी एकमेकांना घट्ट धरून, डोकी खाली घालून भिडतात आणि मधल्या चेंडूसाठी रेटतात. पुढच्या रांगेतल्या गड्याची मान समोरच्याच्या खांद्याखाली अडकलेली असते आणि दोन्ही हात गुंतलेले असतात. पडला तर हात टेकून स्वतःला वाचवता येत नाही. म्हणून मागे हटलं तरी चालतं, खाली जायचं नसतं. समोरच्यावर तेवढा भरवसा टाकल्याशिवाय हा खेळ खेळताच येत नाही.

आमचं मंडळ उभं केलं नरसू इंगवले यांनी. नरसू तालमीतला नावाजलेला पैलवान, मंडळाचा पहिला कप्तान. त्याच्या शब्दावर पोरं विहिरीत उडी घेतील, असा त्याचा दरारा होता म्हणे. आसपास खेळणारा दुसरा संघ एकच, वर डोंगरात जांभुळदऱ्याच्या धनगरांचा. ते अनवाणी खेळत. त्यांच्या पुढच्या रांगेत हैबती येडगे असे. अडलेली मेंढी खांद्यावर टाकून खिंड चढणारा माणूस. रेट्यात नरसूच्या समोर तोच यायचा. खेळाबाहेर दोघांची ओळख बाजाराच्या दिवशी राम राम करण्यापुरती.

एका वर्षी पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मानाची ढाल ठेवली. दसरा झाला होता, पण अवकाळी पडल्यामुळे माळ निसरडा होता. सारं मोरखिंड मैदानाभोवती जमलं. हलगी तयार होती, गुलाल तयार होता. ढाल आपलीच, हे गावानं आधीच ठरवून टाकलं होतं.

सामन्याच्या सुरुवातीलाच एका रेट्यात नरसूचा पाय घसरला. तो तोंडावर जाणार, इतक्यात समोरून हैबतीनं त्याचा सदरा मुठीत धरला आणि त्याला वर तोलून ठेवलं. म्हणाला, “संभाळ दादा.” त्या नादात जांभुळदऱ्यानं चेंडू गमावला. हे सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी टाळीही वाजवली म्हणतात.

सामना सरत आला तेव्हा आम्ही जेमतेम पुढे होतो, आणि रेटा आमच्या रेषेच्या अगदी तोंडाशी लागला होता. धनगर हूं हूं करत रेटू लागले. आमचे आठही जण पावला पावलानं मागे सरकू लागले. आणखी थोडं रेटलं असतं तर चेंडू रेषेपलीकडे टेकला असता आणि ढाल डोंगरात गेली असती. नरसूला ते कळलं. त्याची मान हैबतीच्या खांद्याखाली होती, आणि तिथून तो आपल्या गड्यांना एकच शब्द बोलला.

“बसा.”

आणि आमचे आठही जण बसले. ज्यावर जोर लावायचा ते समोरून एकदम नाहीसं झालं. हैबती डोक्यावर गेला आणि मागच्या साऱ्यांचा भार त्याच्या मानेवर आला.

लोक उठले. हैबती उठला नाही. त्याचे डोळे उघडे होते, तो बोलत होता, पण हातपाय त्याचे राहिले नव्हते. पंच म्हणून एक निवृत्त हवालदार होते. त्यांनी विचारलं, “रेटा कोणी पाडला?”

नरसू म्हणाला, “त्याचाच पाय घसरला.”

हवालदारांनी आमच्या बाकीच्या गड्यांकडे पाहिलं. सगळे मातीकडे बघत होते. मग त्यांनी कडेला उभ्या असलेल्या लोकांना विचारलं, “तुम्ही काही ऐकलंत?”

रेटा कडेच्या इतका जवळ होता की पुढच्या ओळीतल्या माणसांना श्वासही ऐकू येत होते. कुणी बोललं नाही. हैबतीला विचारलं तर तो नरसूकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, “घसरला असंल.”

सामना संपला. हैबतीला घोंगडीत घालून त्याची माणसं खिंडीची वाट चढू लागली. ती वर चढत होती आणि खाली हलगी वाजत होती. आमच्या लोकांनी ढाल गावातून मिरवली. घोंगडी वळणाआड जाईपर्यंतसुद्धा थांबले नाहीत.

पुढच्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. म्हणे, त्यानंतर या माळावर मोरखिंडीचा रेटा उभाच राहीना. सरावाला आपापसात भिडले, तरी मांड्यांतलं बळ जाऊन सगळे मटकन खाली बसत. माती कोरडी असो की ओली, कुणीही न ओढता रेटा बसायचा. देवऋषी झाला, उतारा झाला, मैदानाच्या चारी कोपऱ्यांना नारळ फुटले. माझे चुलते म्हणायचे, त्यात चमत्कार कसला, ज्याला समोरच्याच्या तोंडाकडे बघवत नाही त्याचा गुडघा टिकणार कसा. काही का असेना, खेळ बंद पडला. तालमीतले लोक एकमेकांशी बोलेनासे झाले. ज्याला त्याला वाटायचं, शब्द नरसूचा होता पण बसलो मी होतो.

उन्हाळा लागल्यावर नरसू एकटाच जांभुळदऱ्याला गेला. हैबतीचं खोपट धनगरवाड्याच्या टोकाला होतं. दारात वाकळेवर हैबती पडला होता आणि त्याची बायको ठकूबाई त्याला वाटीनं ताक पाजत होती. नरसू कोण हे तिला ठाऊक नव्हतं. खालचा कोणी पाहुणा आला म्हणून तिनं पदर सावरला, घोंगडी झटकून अंथरली आणि म्हणाली, “बसा दादा.”

नरसूला बसवेना. तो तसाच उभा राहिला.

ती पुन्हा म्हणाली, “उन्हातनं आलासा. बसा की.”

हैबती तिला म्हणाला, “पाणी आण जा त्यास्नी.” ती आत गेल्यावर तो हळूच बोलला, “तिला ठावं न्हाई कंचा शबुद हाय त्यो.”

नरसूनं पागोटं काढून जमिनीवर ठेवलं. म्हणाला, “तू पंचाला का सांगितलं नाहीस?”

“तुज्यासाटी न्हवं,” हैबती म्हणाला. “माजं दोगं भाव कुऱ्हाडी घिऊन उतरलं असतं. तुज्या गावात मुडदं पडलं असतं आन् ही दोगं फासावर गेली असती. मेंढरं कुनी राखली असती? म्हनून म्हनलो घसरला.”

“मला माफ कर.”

हैबतीनं डोळे मिटले. “माफी न्हाई माज्यापाशी. आसती तरी दिली नसती. तू माफी घिऊन खाली जाशील आन् गाव मोकळं हुईल. मी हितंच पडून ऱ्हानार.”

ठकूबाईनं पाणी आणलं. नरसूनं ते उभ्यानंच घेतलं. तांब्या तिच्या हातात परत देऊन तो वाटेला लागला. त्याचं पागोटं तिथंच राहिलं, असं सांगतात.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी त्यानं दवंडी पिटवली आणि गाव माळावर बोलावला. लोकांना वाटलं, मंडळ मोडल्याचं सांगणार. नरसू बोडक्या डोक्यानं रेषेजवळ उभा राहिला आणि म्हणाला, “हैबतीचा पाय घसरला नव्हता. रेटा मी पाडला. ‘बसा’ मी म्हणालो.”

मंडळाचे अध्यक्ष दाजीसाहेब सरनोबत पुढे झाले. “नरसू, गप्प राहा. झालं ते झालं. गावाची अब्रू आहे.”

“अब्रू कुठली, दाजीसाहेब?” नरसू म्हणाला. “हलगी वाजवली आपण.”

मग मैदानाच्या कडेला शेंगा विकणारी तानूबाई उठली. म्हातारी होती, कमरेत वाकलेली. म्हणाली, “म्या ऐकलं हुतं. माज्या पाटीपासनं हातभर लांब हुता त्यो. हवालदारानं इचारलं तवा म्या शेंगा निवडत बसले. आन् दुसऱ्या दिशी देवळात जाऊन ढालीचा नारळ फोडला.”

एवढं बोलून ती रडायला लागली. तिच्या शेजारचा सुतार म्हणाला, “मीही ऐकलं.” मग आणखी एक. मग सगळ्या बाजूंनी आवाज उठले. ज्यांना ऐकू येणं शक्यच नव्हतं असे लांबचे लोकही म्हणाले, आम्हाला कळलं होतं, आम्ही विचारलं नाही. मान खाली घालून दाजीसाहेबही लोकांत जाऊन उभे राहिले.

त्या दिवशी गावानं दोन गोष्टी ठरवल्या. ही हकीकत सांगण्यापुरता सोडला, तर या मैदानावर तो शब्द पुन्हा कुणाच्या तोंडून निघायचा नाही. आणि रेटा कोसळला, मग तो कोणीही पाडलेला असो, की चेंडू पाहुण्यांना द्यायचा. पंचाला विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. तेव्हापासून रेटा पुन्हा उभा राहू लागला, असं म्हणतात.

ढाल परत करायला गावातले जाणते लोक जांभुळदऱ्याला गेले. हैबतीच्या भावांना तोवर सगळं कळलं होतं. कुऱ्हाडी दारातच टेकवून ठेवलेल्या होत्या, पण भावांनी कुऱ्हाडींना हात लावला नाही. थोरला एवढंच म्हणाला, “ढाल तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तुमाला दिसाया पायजे.” ती आत मंडळाच्या खोलीत भिंतीवर आहे. तिला आम्ही घासत नाही, पुसत नाही. पार काळी पडली आहे.

नरसू पुन्हा खेळला नाही. दर पावसाळ्याआधी तो वर जाऊन हैबतीच्या मेंढवाड्याची पडलेली भिंत रचायचा. त्याच्याशी तिथे कोणी बोलायचं नाही आणि त्याला कोणी हाकलायचंही नाही. काम झालं की तो खाली यायचा. काही वर्षांनी हैबती गेला. खबर लागताच मोरखिंडीचे लोक खांदा द्यायला धावत वर गेले. धनगरांनी खांदा देऊ दिला नाही. आमची माणसं वाटेच्या कडेला हात जोडून उभी राहिली आणि त्यांच्यासमोरून तिरडी गेली. ठकूबाईनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझे आजोबा त्या वाटेवर उभे होते. ते म्हणायचे, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमचा नियम आता लांबवर ठाऊक झाला आहे. त्याचा फायदा घेणारे संघही येतात. तीन-चार वर्षांपूर्वी शहरातला एक मोठा संघ उपांत्य सामन्याला इथे आला होता. रेटा सुरू झाला की ते मुद्दाम खाली जात आणि हसत उठत. आमची पोरं दर वेळी चेंडू उचलून त्यांच्या हातात देत होती. आम्ही हरलो. आमच्या कप्तानाला, अंकुशला, पंच म्हणाले, “अरे, कायद्यानं चेंडू तुझा होता.” अंकुश म्हणाला, “कायद्यानं तेव्हा ढालही आमची होती, साहेब.” असं करून आम्ही वरच्या गटात कधी गेलो नाही. जाणारही नाही बहुतेक. गावात कुणाला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, पण नियम बदला असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

जांभुळदऱ्याचा संघही आहे. आता त्यांच्या पायांत बूट असतात, पोरं कॉलेजात शिकतात. हंगामाचा पहिला सामना ते आमच्याशीच खेळतात. वेळेवर येतात, जीव तोडून खेळतात, सामना झाला की रीतीप्रमाणे हात मिळवतात. त्या दिवशी आम्ही इथे पिंपळाखाली त्यांच्यासाठी पंगत मांडतो. पत्रावळ्या, पाण्याचे तांबे, पुरणाच्या पोळ्या, सगळं गाव राबतं. ते पंगतीच्या बाजूनं जातात, खिंडीच्या तोंडाशी थांबतात, आपापल्या फडक्यातली भाकरी सोडतात आणि खाऊन वर निघून जातात.

आजही त्यांच्यातल्या कुणी आमच्या पानावर हात धुतलेला नाही. आम्हीही कधी आग्रह केलेला नाही, तो कोणत्या तोंडानं करायचा? ते वळणाआड जाईपर्यंत आम्ही सगळे इथे उभे असतो. मग पानं तशीच उचलतो.