संत्रीच्या पानातली रुपेरी वाट

झाडं अजून एकमेकांशी बोलत होती, तेव्हाची गोष्ट. माळ्यानं बहरासाठी बागेला ताण दिला, म्हणजे पाणीच तोडलं. सगळी झाडं निबर पानांनी गप्प उभी राहिली. कोपऱ्यातल्या धाकट्या संत्रीला मात्र पाटाचा पाझर सापडला. ती चोरून पाणी प्यायली आणि एकटीच कोवळ्या पालवीनं लखलखली.

"अगं, ताणात पालवी काढू नये," शेजारची ईडलिंबाची म्हातारी म्हणाली. "अख्ख्या बागेत कोवळं पान आता तुझंच."

"तुमची पानं चामड्यासारखी झालीत, म्हणून पोट दुखतंय तुमचं!"

तिन्हीसांजेला पतंगासारखी एक इवलीशी पांढरी पाकोळी आली. म्हातारीच्या पानावर टेकली न टेकली तोच उठली. संत्रीच्या पानावर मात्र बसून राहिली. "किती मऊ गं!" म्हणाली आणि उडून गेली. संत्री सुखावली.

चार दिवसांनी तिच्या पानात, वरच्या पापुद्र्याच्या आत, काहीतरी चालू लागलं. मागे रुपेरी, नागमोडी वाट उमटत गेली. पान आक्रसलं.

"आत कोण आहे?" संत्रीनं घाबरून विचारलं.

"तुझं कौतुक करून गेली ना, तिची लेकरं," आतून बारीक आवाज आला. "अजून पानं काढ. आम्ही पुष्कळ आहोत."

संत्रीनं अंग आवळून धरलं. पण पाणी पोटात गेलं होतं. शेंड्यावर आणखी एक कोवळं पान हळूच उलगडत होतं.