उशीर कुणाचा, दंड कुणाला

देवस्थळीबाई शाळेत अर्धवेळ ग्रंथपाल होत्या. त्यांची पगारवाढ कित्येक वर्षं अडकली होती. अखेर सगळा फरक एकदम मंजूर झाला, पण हातात पडण्याआधीच त्यातून भलामोठा आयकर कापायचं ठरलं. बाई तडक कार्यालयात गेल्या. लेखाधिकारी बाबरसाहेब त्यांच्याच शाळेत शिकलेले, पण आता खुर्चीत रेलून म्हणाले, "मॅडम, पैसे यंदा मिळाले, म्हणजे उत्पन्न यंदाचं. कर लागणारच."

"साहेब, वेळच्या वेळी दिले असते, तर एक रुपयाही लागला नसता. ज्या त्या वर्षात धरून सवलत मिळते ना?"

"मिळते. पण तो वर्षावर्षाचा हिशेब करत कोण बसणार?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "ग्रंथालयाचं पुस्तक उशिरा परत आलं, तर दंड कुणी भरायचा?"

"ज्यानं ठेवून घेतलं त्यानं. उघड आहे."

"मग माझा पगार ठेवून घेतला तुमच्या कार्यालयानं, आणि दंड मी भरायचा?"

साहेबांनी उठून स्वतः खुर्ची पुढे केली. "बसा, बाई. करतो मी हिशेब." त्यांच्या तोंडून नकळत शाळेतलाच शब्द निघाला होता. थोड्या वेळानं मान खाली घालूनच ते पुटपुटले, "बाई, शाळेत असताना तुमच्याकडून नेलेलं ते पक्ष्यांचं पुस्तक अजून माझ्याकडेच आहे. दंड किती झाला असेल?"

"ज्या त्या वर्षाचा वेगळा लावू रे," बाई म्हणाल्या. "एकदम लावला, तर तुला झेपायचा नाही."