चावलेला पाला

फार पूर्वी रानातले तंटे वाघाच्या गुहेपुढे सुटायचे. एकदा वानरिणीला तिथं बोलावणं आलं. सशाच्या जखमी पायावर दगडीपाला लावून तिनं वर कोळ्याच्या जाळ्याची पट्टी बांधली, हाच तिचा गुन्हा.

कोल्ह्यानं राजमोहोरेचं ताडपत्र नाचवलं. "ही पट्टी मी शोधलीय. माझ्या परवानगीशिवाय कुणी बांधायची नाही."

वानरिणीच्या अंगाचा तिळपापड झाला. "शोधलीस ना? मग बांधून दाखव!"

कोल्ह्यानं सशाची पट्टी ओढून काढली, नवा पाला ठेवला, वर जाळं गुंडाळलं. ससा दोन पावलं चालला आणि सगळं गळून पडलं. जखम पुन्हा वाहू लागली.

वानरिणीनं तोच कडू पाला तोंडात टाकला, पार चोथा होईपर्यंत चावला आणि जखमेवर थापला. रक्त थांबलं.

"चावायचा असतो हे कुणी शिकवलं?" वाघानं विचारलं.

"आईनं. तिला तिच्या आईनं. इथल्या प्रत्येकाच्या जखमेला कुणातरी आईची थुंकी लागलीय, महाराज. तिच्यावर उठवणार मोहोर? शिक्षा खुशाल द्या. पाला मी उद्याही चावणार."

वाघ आपल्या पंजावरचा जुना वण बघत राहिला. निकालासाठी वानरीण थांबलीच नाही. तिनं पुढचं पान तोंडात टाकलं होतं.