बोटांना काय कळलं

बालवाडीचे अध्यक्ष भास्करराव टॅबलेट घेऊन आले आणि ऐटीत म्हणाले, “बाई, या बिया, माती, चिंध्या फेकून द्या. बोट लावलं की मुलं सगळं यातच शिकतील!”

शिक्षिका रेवतीबाईंनी टॅबलेट हातात घेतला. त्या म्हणाल्या, “आधी तुम्हीच डोळे मिटून बोट लावा, साहेब.” त्यांनी पडद्यावर कापसाचं चित्र आणलं. “काय लागलं?”

“काच.”

मग निवडुंगाचं आणलं. “आता?”

“काचच की!”

“कापूस आणि काटा एकच झाले, साहेब. मग बोटं काय शिकली?”

तेवढ्यात चार वर्षांच्या ओवीने डोळे मिटून ओंजळ पुढे केली. बाई एकेक वस्तू ठेवत गेल्या.

“चिंचोका... ओली माती... ही बाजरी नाही, नाचणी!”

भास्करराव थक्क होऊन बघत राहिले. मग त्यांनीही डोळे मिटले आणि हळूच ओंजळ पुढे केली.