शिरटेकची बिनकडीची दारं

शिरटेकच्या कोष्टी आळीतून चालताना पाहुण्यांची नजर आधी दारांवर जाते. दारं जाड आहेत, बाभळीच्या फळ्यांची, धुरानं काळी पडलेली. आतून अडसर आहे, कडी आहे. बाहेरच्या अंगाला मात्र काहीच नाही. कडी नाही, कोयंडा नाही, कुलूप अडकवावं असं एक भोकसुद्धा नाही. घरातली सगळी माणसं लग्नाकार्याला निघाली, तर शेजारची एखादी म्हातारी ओट्यावर येऊन बसते आणि माणसं परतेपर्यंत बसून राहते. मग इथं चोऱ्या होत नाहीत का, असं प्रत्येक पाहुणा विचारतो. होतात की. चार गावांत होतात तशा इथंही होतात. पण त्यापायी बाहेरून कडी बसवावी असं कुणाच्या मनात येत नाही. आता सिमेंटची घरं झाली, दारातच बसवलेली कुलपं आली. तीसुद्धा आतून हातानं उघडतील अशीच बघून घेतात.

याचं कारण विचाराल तर भिवरा ढोलेची गोष्ट सांगावी लागते.

गाठीच्या तापाचं, म्हणजे प्लेगचं साल होतं. मुंबईहून गिरणीतली माणसं गावोगाव परतत होती, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही उतरत होता. आधी उंदीर पडायचे, मागून माणसं. सरकारचा हुकूम निघाला, की गाव मोकळं करा, माळावर झोपड्या घालून राहा, घरात कुणाला ताप आला तर लपवू नका. तापकऱ्याला सरकारी माणसं छावणीतल्या दवाखान्यात नेतील.

हुकूम काही वाईट नव्हता, असं आता म्हणता येतं. तेव्हा तसं वाटत नव्हतं. शेजारच्या गावी गोरे शिपाई बूट घालून देवघरात शिरले होते. गाठ आहे का बघायला बायकांना भर रस्त्यात हात वर करून उभं केलं होतं. मागावरचा अर्धा विणलेला ताणा ओढून काढून त्याची होळी केली होती. ही डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. आणि जे कुणी पाहिलं नव्हतं, ते याहून भयंकर होतं. दवाखान्यात म्हणे सुई टोचून मारतात. म्हणे काळीज काढून त्याचं औषध करतात. गेलेलं माणूस परत आलं नाही एवढं खरं होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

शिरटेकचे पाटील होते नारोजी. त्यांनी चावडीपुढं गाव बोलावलं आणि हात जोडून सांगितलं, "माळावर चला. मी पयली झोपडी माझी घालतो." लोकांनी ऐकून घेतलं. कुणी म्हणालं, देवीला बोकड देऊ. कुणी म्हणालं, मरायचं तर आपल्या उंबऱ्यात मरू. नारोजींनी खरंच माळावर झोपडी घातली आणि बायकापोरं घेऊन तिथं राहायला गेले. त्यांच्या भावकीतली थोडी घरं मागोमाग गेली. उरलेल्या गावानं त्यांना 'सायबाचा पाटील' असं नाव ठेवलं, आणि त्यांची बायको विहिरीवर आली की बाकीच्या बाया घागरी उचलून चालू लागत.

भिवरा त्या बायांमध्ये होती. किंबहुना पहिली घागर तीच उचलायची, असं सांगतात.

भिवराच्या घरात तीनच माणसं. ती, तिचा नवरा शिदू, आणि शिदूची धाकटी बहीण ठकू. सासू गेली तेव्हा ठकू रांगत होती. भिवरानं तिला पाठीशी बांधून मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या, तिच्या जटा विंचरल्या, तिला बोलायला शिकवलं. स्वतःला मूल झालं नाही, त्याची खंत ठकूनं वाटू दिली नाही. आता ठकूचं लग्न ठरलं होतं, आणि तिचं लग्नातलं लुगडं भिवरा स्वतःच्या हातानं विणत होती.

साथ वेशीपर्यंत आली तेव्हा शिदू तापानं पडला. त्याच सकाळी तपासणीवाले गावात आले. भिवराचं डोकं चपळ. तिनं शिदूला माजघरात गोधडीखाली झोपवलं, ठकूला शेजारी धाडलं, बाहेरून कडी घालून कुलूप लावलं आणि स्वतः समोरच्या ओट्यावर सूत उकलत बसली. तपासणीवाल्यांनी कुलूप पाहिलं, दारावर खडूनं फुली मारली आणि पुढं गेले. घर रिकामं, माणसं माळावर गेली, असा त्यांचा समज झाला.

शिदूचा ताप साधा होता. हिवतापाचा. काढा पिऊन तो उठला आणि मागावर बसला. पण आळीला एवढंच दिसलं, की कुलपामुळं माणूस वाचला. भिवराचं कौतुक झालं. बाया तिला विचारायला येऊ लागल्या. ज्यांच्या दाराला बाहेरून कडी नव्हती त्यांनी लोहाराकडून करवून घेतली. लोहाराला जेवायला फुरसत उरली नाही.

नारोजी पाटलांच्या कानावर हे गेलं. ते भिवराच्या दारात आले, पण ओट्यावर बसले नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाले, "सूनबाई, ह्या खेपंला साधा ताप हुता, निभावलं. दर खेपंला निभावंल असं न्हाई."

भिवरा म्हणाली, "पाटील, तुमचा सायेब आमच्या मान्साला पानी तरी पाजंल का?"

साहेब पाणी पाजील की नाही, हे नारोजींनाही ठाऊक नव्हतं. ते गेले. आळी हसली. त्या हसण्याची भिवराला पुढं आयुष्यभर लाज वाटली म्हणतात.

मग ठकूला ताप आला. या खेपेला हिवताप नव्हता. जांघेत गाठ आली होती, लिंबाएवढी. भिवरानं ती पाहिली आणि दार आतून लावून घेतलं. शिदू म्हणाला, "पाटलाला सांगू या." भिवरा म्हणाली, "सांगितलं तर नेतील. नेली तर पुन्यांदा दिसंल का आपल्याला?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच ओढ्याकडून शिपाई आले. ओढ्याकाठी चोरून पुरलेली प्रेतं कुणीतरी पाहिली होती, आणि छावणीच्या साहेबाचा आता शिरटेकवर विश्वास उरला नव्हता. भिवरानं ठकूच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला. तिच्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाली, "ठके, काय बी झालं तरी आवाज काडू नगंस. दार वाजलं, कुनी हाक मारली, तरी वो द्यायची न्हाई. मी येऊन हाक मारंन, तवाच बोल."

ठकू म्हणाली, "लौकर ये, वयनी."

भिवरानं शिदूला बाहेर काढलं, बाहेरून कडी घातली, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली. तिला वाटलं, मागच्यासारखंच होईल. फुली मारून जातील.

तसं झालं नाही. शिपायांनी आळीची दोन्ही तोंडं धरली. जी माणसं बाहेर होती त्यांना तशीच, अंगावरच्या कपड्यांनिशी माळाकडं हाकललं. बंद दारं बंदुकीच्या दस्त्यांनी वाजवली. "कोण आहे आत?" म्हणून दुभाष्यानं हाका मारल्या. ढोल्यांच्या दारावरही मारल्या. भिवरा गर्दीतून पाहत होती. आतून आवाज आला नाही. तेव्हा तिला हायसं वाटलं. नंतर या हायसं वाटण्याबद्दल ती बोलायची, आणि बोलता बोलता थांबायची.

माळावर गेल्यावर कळलं की परत जाता येणार नाही. गावावर पहारा बसला. औषध शिंपडणारे वरच्या आळीपासून घरं धुवत निघाले होते, आणि कोष्टी आळी पार खालच्या अंगाला. तिची पाळी शेवटी येणार होती. भिवरा शिदूला म्हणाली, "संध्याकाळी सोडतील." संध्याकाळ झाली. सोडलं नाही.

नारोजी पाटील झोपडीझोपडीतून फिरत होते. ज्यांनी त्यांना वाळीत टाकल्यासारखं केलं होतं, त्यांच्या पोरांना स्वतःच्या घरची भाकरी वाटत होते. प्रत्येकापुढं थांबून एकच विचारत होते, "कुनाच्या घरात कुनी ऱ्हायलंय का? मला सांगा. मी सायबाच्या पाया पडतो, पर सांगा."

ते भिवरापुढं आले. किल्ली तिच्या कंबरेला रुतत होती. सांगावं असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण तिला दवाखाना दिसला, सुई दिसली, आणि विहिरीवर पाटलीणबाईकडं फिरवलेली स्वतःची पाठ दिसली. ज्याला आपण हसलो त्याच्यापुढं पदर कसा पसरायचा? तिनं खाली पाहिलं. म्हणाली, "न्हाई. कुनी न्हाई."

पाटलांना संशय आला होता, असं जुनी माणसं सांगतात. पण त्यांनी पुन्हा विचारलं नाही. भिवरा स्वतःला दोष देत राहिली तसे नारोजीही मरेपर्यंत स्वतःला विचारत राहिले, की मी दुसऱ्यांदा का विचारलं नाही.

तो दिवस गेला, पुढचाही गेला. माळावरून आळीची कौलं दिसत. भिवरा त्यांच्याकडं पाहत बसायची. भाकरी तशीच पडून राहायची, पाण्याचा तांब्या उचलून ती परत खाली ठेवायची. तांब्याभर पाणी किती पुरेल, एवढंच डोक्यात फिरत होतं. अखेर एका सकाळी ती उठली, भर माळावरून चालत पाटलांच्या झोपडीपुढं गेली आणि सगळ्यांच्या देखत त्यांच्या पायांवर किल्ली ठेवली.

"माझी ठकू आत हाय," ती म्हणाली.

नारोजींनी एक शब्द विचारला नाही. किल्ली उचलली आणि डोक्यावरचं पागोटं सावरत साहेबाच्या तंबूकडं अक्षरशः धावले. भिवरा बोललेली ऐकून गर्दीतून आणखी एक बाई पुढं आली. तिचा सासरा आत होता. मग एक मुलगा रडत बोलला, त्याची बाळंत बहीण आत होती. साहेब चिडला, पण त्यानं वाट अडवली नाही. बरोबर एक देशी डॉक्टर दिला.

सासरा जिवंत सापडला. बाळंतीणही सापडली, तान्ह्या मुलासकट. दोन्ही घरांत रांजण भरलेले होते.

ढोल्यांचं कुलूप नारोजींनी काढलं. दार ढकललं तर ते सरकेना. आतून काहीतरी टेकलं होतं. भिवरानं फटीला तोंड लावून हाक मारली, "ठके, मी आलीया गं." तिनं पुन्हा हाक मारली. पुन्हा मारली. मग दोघांनी मिळून दार जपून लोटलं.

ठकू दाराशीच होती, उंबऱ्यावर डोकं ठेवून. माजघरापासून तिथवर ती सरपटत आली होती. तांब्या माजघरात कोरडा पडला होता. डॉक्टरांनी तिला पाहिलं. गाठ फुटून वाहून गेली होती. ते हलक्या आवाजात पाटलांना म्हणाले, "गाठ फुटलेली माणसं बरीचशी वाचतात. हिला पाणी मिळायला हवं होतं."

आळीत पहाऱ्यावर असलेला शिपाई मराठी मुलखातलाच होता. ते बघून तो पुढं आला. म्हणाला, "मी ह्याच वट्यावर बसत हुतो, बाई. दिसभर बसत हुतो. एक हाक आली असती तर मी कुलूप फोडलं असतं. कायद्यात बसो न बसो, फोडलं असतं. पर आतनं आवाजच न्हाई."

भिवरा म्हणाली, "मीच वो द्यायची न्हाई म्हनले हुते तिला."

एवढंच. मग तिनं ठकूचं डोकं उंबऱ्यावरून उचलून मांडीवर घेतलं.

गाव माळावर राहिलं. आता कुणाला हाकलावं लागलं नाही. साथ ओसरली, उन्हाळा तोंडावर आला तेव्हा माणसं घरी परतली. परतल्यावर भिवरानं पहिलं काम केलं ते हे. लोहाराकडून सांडशी मागून आणली आणि दाराची बाहेरची कडी उपसायला बसली. कडी खोलवर ठोकलेली होती. तिच्या हाताची सालं निघाली. शिदू मदतीला आला तर त्याला तिनं बाजूला सारलं. कडी निघाली तेव्हा लोहार स्वतः पुढं झाला, त्यानं कोयंडा काढला, आणि मग न सांगता शेजारच्या दाराकडं वळला. संध्याकाळपर्यंत आळीतल्या एकाही दाराला बाहेरून कडी राहिली नव्हती. नारोजींनी ते सगळं लोखंड गोळा केलं. त्याचं काय केलं, याबद्दल मात्र दोन मतं आहेत. कुणी म्हणतं ओढ्याच्या डोहात टाकलं, कुणी म्हणतं विहिरीच्या रहाटाला वापरलं.

भिवरा पुढं पुष्कळ वर्षं जगली. नारोजींच्या बायकोबरोबर पाणी भरायला जायची. सरकार बरोबर होतं की गाव, असं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "त्यांनी आमाला इच्यारलं न्हाई, आमी त्यांना सांगितलं न्हाई. पोर मधल्या मधी गेली." अलीकडच्या मोठ्या साथीत दवाखान्याच्या बाया तोंडाला फडकी बांधून घरोघर फिरत होत्या, तेव्हा कोष्टी आळीत माणसं आपणहून बाहेर येऊन कोण आजारी आहे ते सांगत होती. सगळीच सांगत होती असं मात्र म्हणवत नाही. दोन घरांनी तेव्हाही लपवलं. भीती प्रत्येक खेपेला नवी असते, आणि गोष्ट जुनी.

पण एक रीत चुकलेली नाही. म्हातारपणी भिवरा घराबाहेर पडताना उंबऱ्यात थांबायची, आत तोंड करून म्हणायची, "ठके, वो दे गं." शेजारणींनी ते ऐकलं, त्यांच्या लेकीसुनांनी उचललं. आजही शिरटेकात घर मोकळं करून निघताना शेवटचं माणूस दार ओढण्याआधी आत वळतं आणि ठकूला हाक मारतं. परगावहून आलेल्या नव्या सुना पहिल्या वेळी विचारतात, ही ठकू कोण? त्यांना कुणी लगेच सांगत नाही. हाक मारून झाली की सगळी जणं ओट्यावर गप्प उभी राहतात, घरात कुणी नाही हे ठाऊक असूनही, ओ यायला जेवढा वेळ लागावा तेवढा वेळ.